‘माल काल पाठवला आहे’ हे इंग्रजीत कसं सांगायचं?

ताई, नमस्कार. मी कोल्हापूरजवळ एका फाउंड्रीत डिस्पॅचला आहे. वय ३७. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे बी.कॉम. इंग्रजीचे बाराही काळ तक्त्यासकट पाठ आहेत, कुणी विचारलं तर आत्ता म्हणून दाखवीन. पण पुण्या-चेन्नईच्या गिऱ्हाइकांना चार ओळींचा मेल लिहायचा तर अर्धा तास जातो. मागच्या महिन्यात कॉलवर मी ‘वुई आर सप्लाइंग धिस कास्टिंग सिन्स थ्री इयर्स’ म्हणालो, तर पलीकडे कुणीतरी हसलं. ‘वुई हॅव डिस्पॅच्ड द मटेरियल यस्टर्डे’ हेही चूक आहे असं माझी आठवीतली मुलगी म्हणते, पण का ते तिलाही सांगता येत नाही. व्याकरणाची तीन पुस्तकं झाली. आता क्लास लावू, की या वयात नाद सोडू? दर बुधवारी कॉल असतो. मंगळवारी रात्रीपासून पोटात गोळा येतो.
– डिस्पॅचवाला

नमस्कार.

नाद सोडू नका. चौथं पुस्तकही घेऊ नका आणि क्लासची फी तूर्त मुलीच्या नावावर बाजूला ठेवा. तुम्हाला जे हवंय ते तुमच्याच मेलच्या खोक्यात आणि तुमच्याच कानात पडून आहे. ते बाहेर कसं काढायचं, एवढंच सांगते.

आधी त्या हसणाऱ्याबद्दल. तुमचं वाक्य त्याला कळलं होतं, काम अडलं नव्हतं, तरी तो हसला. वाईट केलं त्याने. ‘सिन्स थ्री इयर्स’ असं आपल्या देशात उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत लाखो लोक रोज म्हणतात. तुमच्या बोलण्यात ते आलं ते तुम्ही कच्चे म्हणून नव्हे, तुमची मराठी पक्की म्हणून. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. चूक दुरुस्त करायची तर ती येते कुठून ते आधी दिसायला हवं.

मी एकतीस वर्षं मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं. फळ्यावर काळांचा तक्ता काढायचा, मुलांनी तो उतरवून घ्यायचा, चाचणीत गाळलेल्या जागा भरायच्या. मुलं त्या जागा अचूक भरायची आणि मधल्या सुट्टीत येऊन म्हणायची, ‘मॅडम, आय डिडन्ट ब्रॉट द बुक.’ ते ‘ब्रॉट’ मी वर्षानुवर्षं लाल शाईने खोडत राहिले. ते येतं कुठून हे बघायला मला फार उशीर झाला, आणि त्या उशिराची खंत आजही आहे. आपण म्हणतो, ‘पुस्तक आणलं नाही.’ नकार आला तरी भूतकाळ ‘आणलं’च्याच अंगावर राहतो. मूल तेच इंग्रजीत नेतं. इंग्रजीत मात्र ‘डिडन्ट’ आला की भूतकाळाचं ओझं त्याने उचललं, मागचं क्रियापद मोकळं झालं. म्हणून ‘डिडन्ट ब्रिंग’. हे एका मुलीला मी शेजारी शेजारी दोन वाक्यं लिहून दाखवलं आणि ती चूक तिने पुन्हा केली नाही. तिला नियम आधीही पाठ होता. मराठी आपल्याला कुठे ओढते, ते तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

तुमची दोन वाक्यं अशीच बघू.

‘आम्ही हे कास्टिंग तीन वर्षांपासून देतोय.’ आपलं ‘पासून’ फार उदार आहे, ते ‘सोमवारपासून’लाही चालतं आणि ‘तीन वर्षांपासून’लाही. इंग्रजीने ही दोन कामं वाटून दिली आहेत. जिथून सुरुवात झाली तो क्षण असेल तर ‘सिन्स’, मधला काळ किती ते सांगायचं असेल तर ‘फॉर’. कुठलं कुठे हे ठरवायला एक मराठीच कसोटी आहे, ‘झालं’ लावून बघायचं. ‘तीन वर्षं झाली, आम्ही हे कास्टिंग देतोय’ असं आपण सहज म्हणतो, तिथे ‘फॉर’. ‘दोन तास झाले, ट्रकची वाट बघतोय’, तिथेही ‘फॉर’. पण ‘सोमवार झाला, वाट बघतोय’ असं कुणी म्हणत नाही, तिथे ‘पासून’च लागतं. म्हणून ‘सिन्स मंडे’.

आणि क्रियापद? मराठीत ‘पासून’ने काम भागतं, ‘देतोय’ वर्तमानातच राहतं. इंग्रजीत मात्र तेव्हापासून आजवर आलेली दोरी क्रियापदातही दिसावी लागते. ‘वुई हॅव बीन सप्लाइंग धिस कास्टिंग फॉर थ्री इयर्स.’ तुमच्या तक्त्यात हा चालू पूर्ण वर्तमानकाळ आहे, तुम्हाला तो तोंडपाठही आहे. पण तक्त्यात तो बाकीच्या अकरा काळांच्या शेजारी बसलेला असतो, ‘तीन वर्षं झाली’च्या शेजारी नाही. त्यामुळे नेमक्या वेळी तो आठवत नाही.

आता मुलीने पकडलेलं वाक्य. ‘माल काल पाठवला आहे.’ मराठीत हे शंभर टक्के बरोबर. आपल्या या ‘आहे’मध्ये एक दिलासा असतो, काम झालंय, काळजी नको. त्या ‘आहे’ला शेजारी ‘काल’ बसला तरी अडचण होत नाही. इंग्रजी ‘हॅव’ला होते. ‘हॅव’ची नजर आजवर असते, आत्ता परिस्थिती काय ते तो सांगतो. ‘यस्टर्डे’, ‘ऑन मंडे’, ‘लास्ट वीक’ म्हटलं की गोष्ट संपलेल्या दिवसात गेली आणि ‘हॅव’ उठून गेला. ‘वुई डिस्पॅच्ड द मटेरियल यस्टर्डे.’ दिवस सांगायचा नसेल, नुसता दिलासा द्यायचा असेल, तर ‘वुई हॅव डिस्पॅच्ड द मटेरियल’. ‘टुडे’ आणि ‘धिस वीक’ चालतात, कारण आजचा दिवस आणि हा आठवडा अजून सरलेला नाही.

इंग्रजी वर्तमानपत्राची बातमी या नजरेने वाचून बघा. पहिल्या वाक्यात बऱ्याचदा ‘हॅज’ असतो, अमुक सरकारने असा निर्णय घेतला आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात वार येतो, तारीख येते आणि ‘हॅज’ गायब होऊन साधा भूतकाळ सुरू होतो. आठ दिवस रोज एकच बातमी बघा, फक्त एवढंच शोधत. मुलीला ‘का’ सांगता आलं नाही ना, तिला सोबत घ्या.

तुमच्या पत्रावरून मला वाटतं, तुमचा मोठा गोंधळ ‘काळ’ या शब्दानेच केला आहे. काळाचं नाव आणि घड्याळातली वेळ एकच, अशी समजूत शाळेत होते आणि ती करून देणाऱ्यांत मीही होते. घरून हाक आली की आपण ‘आलो, आलो’ म्हणतो. क्रियापद भूतकाळी, आणि माणूस अजून खुर्चीवरून उठलेलाही नसतो. ‘चला, निघालो मी’ म्हणून पुढे अर्धा तास दारात गप्पा चालतात. ‘उद्या सुट्टी आहे’ यात ‘आहे’ वर्तमानाचा आणि सुट्टी उद्याची. मराठीत हे सगळं आपण न अडखळता करतो, कारण कुठल्या प्रसंगी काय म्हणतात ते हजारदा ऐकलेलं असतं. इंग्रजीही तशीच, प्रसंगासकट ऐकावी लागते.

क्रिकेट बघत असाल असं धरून चालते. २ एप्रिल २०११, वानखेडे, विश्वचषकाचा अंतिम सामना. कुलसेकराचा चेंडू, धोनीचा लाँग ऑनवरून षटकार आणि रवी शास्त्री यांचा आवाज, ‘धोनी फिनिशेस ऑफ इन स्टाइल. अ मॅग्निफिसन्ट स्ट्राइक इनटू द क्राउड. इंडिया लिफ्ट द वर्ल्ड कप आफ्टर ट्वेन्टी एट इयर्स.’ ही तीन वाक्यं तुम्हाला बहुतेक पाठ असतील. मुद्दाम बसून पाठ केली नसतील, तरी असतील. आता ती जरा जवळून बघू.

‘फिनिशेस’. शाळेत साधा वर्तमानकाळ म्हणजे रोजची सवय आणि त्रिकालाबाधित सत्य, सूर्य पूर्वेला उगवतो वगैरे. इथे सवय नाही आणि सत्यही नाही, एकदाच घडलेली गोष्ट आहे, डोळ्यांसमोर. समालोचनाची भाषा अशीच असते. आपलं मराठी रेडिओवरचं समालोचन आठवा, ‘गोलंदाज धावत येतो, चेंडू टाकतो, फलंदाज पुढे सरसावतो’. तोच वर्तमानकाळ. दुसऱ्या दिवशी गल्लीत सांगताना मात्र ‘धोनीने षटकार मारला’.

‘अ मॅग्निफिसन्ट स्ट्राइक’, पण ‘द क्राउड’ आणि ‘द वर्ल्ड कप’. उपपदांचा अख्खा धडा या एका ओळीत आहे. तो फटका त्या क्षणी नव्याने आपल्यासमोर आला, म्हणून ‘अ’. गर्दी कुठली हे विचारायची गरज नाही, समोरच बसली आहे, म्हणून ‘द’. चषक तर एकच. मराठीत उपपदं नाहीत म्हणून ती जमत नाहीत, हे माझ्या मते खरं नाही. आपण गोष्ट कशी सांगतो? ‘एक राजा होता. राजाला दोन राण्या होत्या.’ पहिल्या वेळी ‘एक’, दुसऱ्या वेळी नुसता ‘राजा’, कारण आता तो ओळखीचा झाला. ते ‘एक’ म्हणजे ‘अ’ आणि तो ओळखीचा राजा म्हणजे ‘द किंग’. ‘गेटवर एक ट्रक आलाय’ आणि ‘ट्रक भरला का?’ हा फरक तुम्ही दिवसातून दहा वेळा करता. प्रश्न एकच विचारायचा, ऐकणाऱ्याला कुठला ते कळलंय का?

‘इंडिया लिफ्ट’. ‘लिफ्ट्स’ नाही. इथे इंडिया म्हणजे देशाचा नकाशा नव्हे, अकरा माणसं, म्हणून क्रियापद अनेकवचनी. क्रिकेटच्या इंग्रजीत संघाबद्दल असंच बोलतात. देशाबद्दल बोलायचं तर ‘इंडिया एक्स्पोर्ट्स राइस’. आपल्यालाही हे नवीन नाही. ‘बाबा आले’ म्हणताना बाबा एकच असतात, क्रियापद मात्र आपण त्यांच्याकडे कसं बघतो ते सांगतं.

आणि ‘आफ्टर ट्वेन्टी एट इयर्स’, १९८३ नंतर २०११. ‘२८ वर्षांनी’ हे तुमच्या कामाचं आहे. गिऱ्हाइकाला ‘दोन दिवसांनी कळवतो’ म्हणायचं तर? इथे मात्र इंग्रजी वेगळी वाट धरते. आजपासून पुढचं मोजायचं असेल तर ‘इन टू डेज’.

आता तुमच्या मेलच्या खोक्याकडे येते. तुमच्या गावाजवळच एक काम झालंय, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनी भारतीय इंग्रजीचा एक संग्रह उभा केला. १९७८ सालात छापल्या गेलेल्या मजकुरातले ५०० उतारे, प्रत्येकी सुमारे २००० शब्दांचे, म्हणजे एकूण दहा लाख शब्द. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाने १९६१ च्या अमेरिकन इंग्रजीचा जसा संग्रह केला होता, त्याच धर्तीवर. १९८६ मध्ये तो पूर्ण झाला, घरोघरी संगणक येण्याच्या कितीतरी आधी. जगभरचे भाषाभ्यासक त्याला ‘कोल्हापूर कॉर्पस’ म्हणूनच ओळखतात. उपयोग असा, की एखादा शब्द घ्यायचा आणि लोकांनी तो खरोखर कुठे कसा वापरला त्या सगळ्या ओळी एकाखाली एक लावून बघायच्या. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या चमूने अशाच संग्रहावरून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी शब्दकोश काढला. त्यातली उदाहरणं टेबलाशी बसून रचलेली नव्हती, वापरातून उचललेली होती. नियम वापरातून निघतो, ही गोष्ट तोवर आमच्यासारख्या बऱ्याच शिकवणाऱ्यांनाही नीटशी पटलेली नव्हती.

तुमच्याकडे असा संग्रह तयार आहे. मेलमध्ये वर शोधायची जागा असते, तिथे ‘सिन्स’ टाका. गेल्या काही वर्षांतले ‘सिन्स’ असलेले सगळे मेल समोर येतील. वीस वाक्यं वहीत उतरवा, ‘सिन्स’च्या उजवीकडचे दोन-तीन शब्द ठळक करा. ‘सिन्स मंडे’, ‘सिन्स एप्रिल’, ‘सिन्स द लास्ट लॉट’ असं काहीतरी दिसेल. मधेच ‘सिन्स द ट्रक वॉज लेट’ही येईल. तिथे ‘सिन्स’ म्हणजे ‘कारण’, ती ओळ वेगळ्या पानावर घ्या. दुसऱ्या दिवशी ‘फॉर’ नको, फार पसारा होईल. ‘हॅज बीन’ टाका. मग ‘डिस्पॅच्ड ऑन’. तुमच्या खात्यात लागणारे असे पंधरा-वीस तुकडेच असतील. सगळी इंग्रजी तुम्हाला उद्याच्या उद्या नकोय.

तक्रारीचे मेल जपून ठेवता ना? व्याकरणासाठी ते सोनं आहे. ‘टू कास्टिंग्ज वेअर फाउंड टू हॅव ब्लो होल्स.’ म्हणजे दोन ओतीव नगांत हवेच्या पोकळ्या, ब्लो होल. कुणाला सापडले? लिहिलेलं नाही. दोष कुणाचा? तेही नाही. शाळेत आपण कर्तरीचा कर्मणी करून दाखवतो, ‘राम आंबा खातो’चा ‘रामाकडून आंबा खाल्ला जातो’, आणि असं कोण बोलतं हा प्रश्न कुणी विचारत नाही. इथे दिसतं कर्मणी कशासाठी आहे ते. मराठीत तुम्ही हेच ‘दोन नगांत ब्लो होल आढळले’ असं लिहिलं असतंत. ते ‘आढळले’ म्हणजे ‘वेअर फाउंड’. गिऱ्हाइकाने बोट न दाखवता सांगितलंय. उत्तर देताना मात्र तुम्ही ‘मिस्टेक वॉज डन’ लिहू नका. चूक मान्य करायची तर ‘वुई मेड अ मिस्टेक’, सरळ. आणि चूक ‘मेक’ होते, ‘डू’ नाही. असा जोड शब्दासोबतच उचलायचा.

शब्दयोगी अव्ययांचंही तेच. साहेब माझ्यावर चिडले, म्हणून ‘अँग्री ऑन मी’. तिचं लग्न त्याच्याशी झालं, म्हणून ‘मॅरीड विथ’. रेटवर चर्चा केली, म्हणून ‘डिस्कस्ड ऑन द रेट’. प्रत्येक ठिकाणी मराठी प्रत्यय हात धरून नेतोय. इंग्रजीत ‘अँग्री विथ’, ‘मॅरीड टू’ आणि ‘डिस्कस्ड द रेट’, शेवटच्यात मध्ये काहीच नाही. याला तर्क शोधत बसू नका. भेटेल तसा जोड वहीत घ्या.

वहीचं पान असं करा. वर समोरच्याचं इंग्रजी वाक्य, जसंच्या तसं. त्याखाली तेच तुम्ही कॅन्टीनमध्ये दोस्ताला कसं सांगाल ते मराठी वाक्य. शब्दाला शब्द नको, खरं बोलणं हवं. त्याखाली एकच तुकडा बदलून तुमचं स्वतःचं इंग्रजी वाक्य. रोज एक पान. गाडीवर कामाला जाताना तेच वाक्य तीन-चार वेळा मोठ्याने म्हणा. हेल्मेटच्या आत कुणाला ऐकू जात नाही. महिनाभराने पानावरचं इंग्रजी हाताने झाकून मराठीवरून म्हणून बघा.

एक सावधगिरी. मेलमधलं सगळंच उचलू नका. कुणाचं लिहिणं स्वच्छ आहे, कुणाचा मेल एका वाचनात कळतो, अशी दोन-तीन माणसं निवडा आणि त्यांचंच घ्या. ‘डू द नीडफुल’, ‘रिव्हर्ट बॅक’ असं बरंच काही भेटेल. त्याला मी पाप म्हणत नाही. ‘प्रीपोन’ हा आपल्याकडचा शब्द तर ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही गेला. भारतीय इंग्रजी हीसुद्धा इंग्रजीच आहे, नाहीतर तिचे दहा लाख शब्द कोल्हापुरात कुणी कशाला गोळा केले असते? फक्त मेल कुणाला चाललाय ते बघा. चेन्नईच्या माणसाला ‘नीडफुल’ कळेल, जर्मनीचा अडेल.

आणि मुलीला चुका काढू द्या. तुमच्या पत्रात तो भाग जरा दुखरा वाटला. पण आठवीतली मुलगी बापाचा मेल वाचते, त्यावर विचार करते, हे किती घरांत होतं? तिला ‘का’ येत नाही, तुम्हाला काम येतं. दोघांनी एकच वही करा.

हा बुधवार तोंडावर आहे, म्हणून तेवढ्यापुरतं देते. ही चार वाक्यं मंगळवारी रात्री तिच्यासमोर म्हणा. तिने दर वेळी वार, आकडा किंवा वस्तू बदलायची, तुम्ही वाक्य सावरून घ्यायचं.

‘वुई डिस्पॅच्ड द लॉट ऑन मंडे.’

‘द ट्रक हॅज नॉट रीच्ड येट. आय हॅव कॉल्ड द ट्रान्सपोर्टर.’

‘वुई हॅव बीन सप्लाइंग धिस कास्टिंग फॉर थ्री इयर्स.’

आणि उत्तर माहीत नसलं की, ‘आय विल चेक अँड मेल यू बाय फोर ओ’क्लॉक.’ मग चारच्या आत मेल जाऊ द्या.

पंधरा दिवसांनी वहीतली पहिली दहा पानं मला पाठवा, खाडाखोडीसकट. सुवाच्य उतरवून काढू नका.